शर्मिलाची शनिवारची सहल

शर्मिलाला सहली काढायची खोड होती. आवड नव्हे, खोडच. आम्हा फेल्डहोवन या डच गावातल्या मराठी मंडळींना ती दर मे महिन्यात गोळा करायची आणि स्पेनच्या दक्षिणेला कोर्दोबाला न्यायची. पुण्यात स्पॅनिश शिकून पदवी घेतलेली ही बाई नवऱ्याच्या नोकरीपायी अशा गावात येऊन पडली, जिथे स्पॅनिशला कुत्रंही विचारत नाही. शिरीष सकाळी सायकल काढून ऑफिसला गेला की ही घरात भिंतींशी स्पॅनिश बोलायची, असं तिनेच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. मी शेजारीण, शिवाय शिरीषच्याच कंपनीत नोकरीला, त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी माझ्याकडेच यायची.

कोर्दोबात मात्र तिचं सोनं व्हायचं. तिथे जुन्या घरांच्या मधोमध चौक असतात, आणि मे महिन्यात लोक आपली दारं उघडून परक्यांना चौकातली फुलं बघायला बोलावतात. भिंतीभर कुंड्या, अगदी वरपर्यंत. लांब काठीला पत्र्याचा डबा बांधून बायका त्यांना पाणी घालतात. शर्मिला प्रत्येक घरधनिणीशी अशा गप्पा मारायची की जणू ती तिची चुलत बहीणच. मग आम्हाला खायला घालायची. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्हचं तेल वाटून केलेलं थंडगार दाट सालमोरेहो, आणि वांग्याच्या तळलेल्या कापांवर चक्क काकवी. बसमध्ये कुणी चिवड्याचा डबा काढला की ती भडकायची. "चिवडा खायला इथवर आलात का?" म्हणायची, आणि मग स्वतःच मूठभर घ्यायची.

कोविड आला आणि सहल बंद झाली. दुसरी कुणी असती तर हात चोळत बसली असती. हिने शनिवारची सहल सुरू केली. दुपारी आपापल्या घरी तिने सांगितलेला पदार्थ करून जेवायचं, मग व्हिडिओ कॉलवर जमायचं, कॅमेरे बंद करायचे आणि डोळे मिटायचे. शर्मिला बोलायला लागायची. "आता आपण संत्र्याच्या झाडांच्या अंगणातून बाहेर पडलोय. डावीकडे वळा. दगडांवरून जपून." मी पहिल्यांदा वैतागले होते, कारण मला असले पोरखेळ आवडत नाहीत. पण ती सांगायची कशी, तर पायाखालचा दगडही तापलेला लागावा. मीटिंगांनी शिणलेलं डोकं त्या तासाभरात हलकं व्हायचं, हे मान्य करायला हवं.

वासुदेवकाका या सहलीत सप्टेंबरनंतर आले. ते आमच्याच मंडळींतल्या ऋषभचे वडील, सांगलीचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. नातू झाला म्हणून ते आधी एकटेच आले होते. शामलाकाकू भाचीचं लग्न उरकून मार्चअखेर येणार होत्या. विमानं बंद झाली. सप्टेंबरात काकू सांगलीतच कोविडने गेल्या, आणि काकांना ते फोनवर कळलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. रडले नाहीत. दहावा-तेरावा काही करू दिलं नाही. त्यानंतरही "शामला आली की तिला हा तलाव दाखवू" असंच बोलत राहिले. ऋषभने आधी समजावलं, मग सोडून दिलं. बाबांचं मन रमेल म्हणून त्यानेच त्यांना शर्मिलाच्या सहलीत बसवलं.

जानेवारीत संचारबंदी लागली त्या सुमाराला शर्मिलाकडची पाहिलेली घरं संपली. तेव्हा तिने एक चौक मनाने रचला. हे तिने मला नंतर सांगितलं. उताराची अरुंद गल्ली, शेवटी हिरवं दार, दाराला पितळी हाताचा ठोकणा. आत विहीर, निळ्या कुंड्या, लिंबाचं एक झाड. एवढंच. माणूस तिने त्यात एकही घातला नव्हता. सांगताना ती स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबली. आम्हाला मात्र आत पाठवलं.

सहल संपली की काय काय दिसलं ते सांगायचं, अशी पद्धत होती. त्या दिवशी आमच्यातली नीलम म्हणाली, "शर्मिला, ती काठीने पाणी घालणारी म्हातारी मस्त होती हं!" भार्गवी म्हणाली, "आणि ती मध्येच खोकली ना?" मला वाटलं, सांगण्याच्या ओघात शर्मिला म्हातारीबद्दल बोलली असेल आणि माझं लक्ष नसेल. कारण म्हातारी मलाही दिसली होती. करड्या झग्यावर स्वेटर, हातात काठी. विहिरीपाशी दोन खुर्च्या होत्या, वेताच्या. खोकला मीही ऐकला होता.

मग काका बोलले. "शामला बसली होती," ते म्हणाले. "विहिरीपाशी. दुसरी खुर्ची माझी होती."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मला त्याचा रागही आला.

पुढच्या शनिवारी शर्मिलाने मुद्दाम दुसरीकडे नेलं, ऑलिव्हच्या टेकड्यांवर. तर काका म्हणाले, "आज कुठे नेलंत? त्याच घरी चला." सगळ्यांच्या आग्रहाने तिने पुन्हा हिरवं दार सांगितलं. पुन्हा तेच. म्हातारी आम्हा सर्वांना दिसायची, काकू फक्त काकांना. आम्ही डोळे उघडायचो, काका उघडायचे नाहीत. ऋषभ त्यांना हलवायचा तेव्हा कुठे ते जागे व्हायचे. एकदा त्यांच्या सदऱ्याची बाही भिजलेली होती. नळाखाली भिजली असेल, असं ऋषभ म्हणाला. ते दुपारभर खुर्चीतून उठले नव्हते, हेही त्यानेच आधी सांगितलं होतं.

त्यानंतर काकांनी घरी जेवणं सोडलं, कपभर दुधावर राहायला लागले. सून ताट वाढायची, काका शांतपणे म्हणायचे, "मी तिकडे जेवून आलो. शामलाने वाढलं." फेब्रुवारी गेला, मार्च गेला, काका निम्मे झाले. गालांची हाडं वर आली. ऋषभ माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला. "मीनल, बाबांचं वजन ड्रॉप होत चाललंय. हाउसआर्ट्स म्हणतो रिपोर्ट्स नॉर्मल आहेत, स्ट्रेस आहे. मी काय करू?" हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. त्याला तरी बिचाऱ्याला काय सांगणार? आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची, गेलेल्याच्या हातचं स्वप्नातसुद्धा खाऊ नये. मी ते ऋषभला सांगितलं नाही, शर्मिलाला सांगितलं.

ती पांढरीफटक पडली. "मीनल, ते घरच नाहीये," ती म्हणाली. "मी बनवलंय ते. त्या दिवशी सांगायला काही नव्हतं, म्हणून बनवलं. म्हातारी मी घातली नाही, खुर्च्या घातल्या नाहीत. ते सगळं कुठून आलं मला माहीत नाही. मला भीती वाटते गं. काका गेले तर माझ्यामुळे जातील."

"मग सांग त्यांना," मी म्हटलं.

तिने सांगितलं. सायकलच्या रस्त्याकडेने अंतर राखून आम्ही तिघं चालत होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मायेने हसले. "अगं, तू पाहिलं नसशील," ते म्हणाले. "तू आत कुठे येतेस? दारातच उभी राहतेस. घर आहे."

शर्मिलाने शनिवारची सहल त्याच दिवशी बंद केली. पण उपयोग शून्य. काकांना आता तिच्या आवाजाची गरज उरली नव्हती. ते दुपारी खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि जायचे. ऋषभ म्हणायचा, त्यांचा श्वास इतका हळू होतो की नाकाशी बोट धरून बघावं लागतं.

लशी झाल्या, वाटा उघडल्या. सप्टेंबर आला तेव्हा शर्मिलाने ठरवलं की काकांना कोर्दोबाला न्यायचं. गल्ली न् गल्ली फिरवायचं, हवं ते दार ठोठावू द्यायचं. असं घर कुठेच नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की त्यांचं तिथे जाणं थांबेल, आणि थांबलं तर ते जगतील. शिरीषला हा वेडेपणा वाटला. मला दुसरा उपाय सुचत नव्हता. ऋषभ, शर्मिला, मी आणि काका, असे आम्ही निघालो. विमानात काकांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

कोर्दोबात पोचलो तेव्हा दुपार होती. ऊन मी म्हणत होतं, दुकानं बंद, गल्ल्यांत चिटपाखरू नव्हतं. शर्मिलाने नकाशा काढला. काकांनी तो बघितलासुद्धा नाही. ज्यांना फेल्डहोवनमध्ये जिना चढताना धाप लागायची ते काका आमच्या पुढे झपझप चालू लागले. डावीकडे, उजवीकडे, मग एका उताराच्या गल्लीत शिरले. शर्मिलाने माझा दंड घट्ट धरला. "मी इथे कधी आलेली नाही," ती पुटपुटली. "आईशप्पथ, कधीच नाही."

गल्लीच्या शेवटी हिरवं दार होतं. पितळी हात होता. काकांनी ठोकणा वाजवला.

दार म्हातारीने उघडलं. करडा झगा. उन्हाळा असल्याने स्वेटर तेवढा नव्हता. तिच्या मागे निळ्या कुंड्या दिसत होत्या, विहीर दिसत होती, वेताच्या दोन खुर्च्या दिसत होत्या. ऋषभने माझ्याकडे पाहिलं, आणि मी कुठे पाहावं ते मला कळेना. शर्मिलाने कसंबसं स्पॅनिशमध्ये नमस्कार केला, त्रास दिल्याबद्दल माफी मागितली.

तिचा आवाज ऐकताच म्हातारीचा हात दारावरून निसटला. ती काहीतरी बोलली. मी शर्मिलाला ढोसलं.

"त्या म्हणतायत," शर्मिला हळू आवाजात म्हणाली, "हा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. हिवाळाभर शनिवारी दुपारी दाराबाहेर एक बाई न कळणाऱ्या भाषेत बोलायची. दार उघडलं की गल्ली रिकामी."

म्हणजे आम्ही. आम्ही जिला भुतासारखी बघत होतो, तिच्या घरात भुतासारखे आम्हीच वावरत होतो.

म्हातारी आता काकांकडे बघत होती. नजर हलवत नव्हती. खोकली, आणि पुन्हा बोलू लागली, बराच वेळ. शर्मिला ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"काही नाही काका. आपण जाऊ या."

"अगं, माझ्याकडे बघून बोलतायत त्या. सांग."

शर्मिलाने डोळे पुसले. "त्या म्हणतायत, त्या एकट्याच राहतात. लॉकडाउनमध्ये कुणी येत नव्हतं. मग तुम्ही दोघं दिसायला लागलात, तुम्ही आणि काकू. विहिरीपाशी. त्यांना वाटलं, कुठल्या तरी दूरदेशीची बिचारी माणसं आहेत, साथीत गेलेली, वाट चुकलेली. म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी लगेच खुर्च्या मांडल्या. त्यांना कधी तुमची भीती वाटली नाही. आज वाटतेय, कारण आज तुम्ही दार वाजवून आलात."

"साथीत गेलेली," काका म्हणाले. "दोघंही?"

"हो काका. त्यांना वाटलं, तुम्हीसुद्धा वारलात."

काका उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. दोन्ही. ते बराच वेळ तिकडे बघत होते. म्हातारीने घाबरत घाबरत हात पुढे केला आणि त्यांच्या मनगटाला लावला. मग तो हात तिने काढलाच नाही. त्या वाळलेल्या मनगटाची नाडी ती बोटांनी चाचपत होती. कोविड सुरू झाल्यापासून परक्या माणसाने परक्याला असं धरलेलं मी पाहिलं नव्हतं. काकांचा चेहरा आधी वेडावाकडा झाला, मग त्यांना हुंदका फुटला. वर्षभर कुठे दडला होता कोण जाणे. ऋषभ पुढे झाला, तर त्यांनी त्याला थांबवलं.

"नाही हो बाई," ते तिला मराठीतच म्हणाले. "मी नाही वारलो. माझी बायको वारली."

म्हातारीने शर्मिलाकडे पाहिलं. जिची जन्मभराची हौस होती दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याला सांगायची, तीच रडत उभी होती.

"सांग ना गं तिला," काका म्हणाले. "नीट सांग. शामला वारली. मी जिवंत आहे."