मिशीतून शिरणारं पाणी

शिवाजी पेठेत कुठल्याही कोपऱ्यावर आधी हंबीररावांची मिशी दिसायची आणि मग हंबीरराव. पेशानं ते पिठाच्या गिरणीवाले. पण पंचगंगेत कुणी बुडालं, की माणसं धावत त्यांच्याकडेच यायची. गिरणीचा पट्टा उतरवून ते तसेच निघत, उघड्या डोळ्यांनी गढूळ पाण्यात बुडी मारत आणि तळाशी गेलेला देह घरच्यांच्या हवाली करत. तोवर काठावर बसलेल्या त्या माणसांना ना रडता येई, ना घरी जाता येई. हंबीररावांना हे पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार तीन साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा उघड्या डोळ्यांनी त्या पाण्यात गेलात तर नजर जाईल. बुडी सोडणं तर रक्तातच नव्हतं. मग एकच वाट उरली. हंबीरराव एसटीनं मालवणला गेले, पाणबुड्यांचा मास्क घ्यायला.

दुकानदार म्हातारा आणि मोठा चिकाटीचा. म्हणाला, "पट्टा नको. नुसतो तोंडार धरा, नाकान श्वास घेवा आणि हात सोडा. ऱ्हवलो तर तो तुमचो."

एकही राहिला नाही. मोठा पडला, लहान पडला, मऊ कडेचा तर मांडीवरच आला. म्हाताऱ्यानं हंबीररावांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मास्काक काय झाला नाय. मिशी आड येता."

आता आली का पंचाईत! यांच्या घरात बाप हयात असेतो मुलानं मिशीला वस्तरा लावायचा नाही. बाप गेला, की त्या दिवशी डोक्याबरोबर मिशीही उतरायची. आणि नव्वदीला टेकलेले केरबाआबा उंबऱ्यावर बसून अजून खणखणीत आवाजात पेठेची खबर घेत होते.

हंबीररावांनी मऊ कडेचा मास्क घेतला आणि पंचगंगेवर येऊन आपलं डोकं चालवलं. पट्टा करकचून आवळला. गालांवर वळ उठले, पण पाणी शिरायचं ते शिरलंच. मिशीला व्हॅसलीन थापलं, तरी नाकापर्यंत पाणी. लालबुंद डोळे घेऊन ते घरी आले.

"रडलास काय रं?" आबांनी विचारलं. मग सगळं सांगावंच लागलं.

"मग काढ की मिशी!"

"आबा, तुमी हाय तवर?"

"मी गेल्यावर काढणारच हाईस न्हवं? तवा मी कुठनं बघाय येतोय? आत्ता काढ. माझ्या माघारी माझं पोरगं कसं दिसणार, ते बघू तरी दे मला."

पन्नाशीच्या हंबीररावांना तिथंच हुंदका फुटला.

आकाराम न्हावी काही केल्या वस्तरा धरेना. शेवटी आबा काठी टेकत स्वतः दुकानात आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. मिशी उतरली. आबा पोराच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आईवर गेलाईस की रं." मग त्यांनीच मास्क पुढं केला. हंबीररावांनी श्वास ओढला, हात सोडला. मास्क जागचा हलला नाही.

संध्याकाळी शेजारचा कृष्णात पडलेल्या तोंडानं दारात आला. त्यानं रस्त्यात हंबीररावांचा भुंडा ओठ पाहिला होता. दार उघडलं ते आबांनीच. "ये, ये. मेलोय मी. च्या घेणार काय?"

त्यानंतर हंबीररावांनी मिशी ठेवली नाही. मास्क घालून त्यांनी कित्येकांना वर आणलं. नजरही शाबूत राहिली.

आबा तीन वर्षांनी गेले. घाटावर आकारामनं हंबीररावांचं डोकं उतरवलं आणि सवयीनं वस्तरा ओठाकडे नेला. तिथं काढायला काहीच नव्हतं. त्याचा हात अडला.

"ऱ्हाऊ दे," हंबीरराव म्हणाले. "ते आबा बघून गेल्यात."