पुसलेले पाय

इसोहाचि पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने अख्ख्या नागासाकीची माफी मागितली. कोठडीच्या चौकटीवर डोकं आपटलं, तर चौकटीची मागितली. मग पहारेकऱ्याची, मग माझी, आणि भातावरची माशी हाकलताना बहुधा तिचीही. परमुलखातून परतलेल्या खलाशांना चौकशी संपेपर्यंत कोंडून ठेवतात आणि त्यांचं जेवण मी पुरवते. पण इतका वाकणारा माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. पहिल्या आठवड्यात मला त्याचा फक्त बुचडाच दिसला, तोंड नंतर दिसलं.

हा उत्तरेकडचा कोळी. वादळात होडी भरकटली, देवमासे मारणाऱ्या परक्या जहाजाने उचललं, आणि काही वर्षांनी डचांच्या जहाजातून तो इथे उतरला.

"मावशी, उन्हाळ्याआधी सोडतील ना?"

"घाई कसली? माझा भात आवडत नाही?"

"गावाने मला मेलेला धरलंय. उन्हाळ्यात माझं सातव्या वर्षाचं श्राद्ध आहे. ते उरकलं की ओकिनुचं, माझ्या बायकोचं, लग्न धाकट्या भावाशी लावतील. आमच्याकडे तशी रीतच आहे."

"मग जिवंत आहेस म्हणून निरोप धाड."

"चौकशी होईतो निरोपाला बंदी आहे."

आमच्याकडे किरिस्ताव धर्माला बंदी, म्हणून चौकशीत त्यांची देवी कोरलेली पितळी पाटी जमिनीवर ठेवतात. तिच्यावर पाय दिला की माणूस निर्दोष. आम्ही नागासाकीकर दर नव्या वर्षाला ठेवणीतले कपडे घालून, गप्पा मारत तिच्यावरून जातो. या उत्तरेकडच्या बापड्याने पाटी कधी पाहिलीच नव्हती. तो पुढे झाला, वाकला, कमरेला खोचलेला पंचा काढला आणि आधी दोन्ही पाय स्वच्छ पुसले.

"पाय का पुसलेस?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मळके होते, सरकार. बाईच्या कडेवर मूल दिसतंय."

झालं. पाटीला मान दिला, म्हणजे मनात किरिस्ताव असणार. चौकशी पुढे ढकलली, ती थेट नवा अधिकारी येईपर्यंत.

"शहाण्या, चिखलाचा पाय द्यायचास," मी म्हटलं.

"मावशी, तुमच्या घरात कोणी पाय न पुसता आलं तर चालतं का?"

"माझ्या घरात नाही चालत. पण तिथे तेच चालतं."

मग मी सरावाला लोणच्याच्या पिंपाचं झाकण कोठडीत नेलं. रोज जेवणाआधी तो त्यावर पाय द्यायचा. पंचा मी काढून घेतला होता, तर बाहीने पुसायला बघायचा. मी ओरडायची, तो माझी माफी मागायचा, मग पाय द्यायचा, मग हळूच झाकणाची मागायचा. उन्हाळा लागल्यावर त्याने श्राद्धाबद्दल विचारणं सोडलं. भातही उरायला लागला.

उन्हाळा सरता सरता नवा अधिकारी आला. इसोहाचिने चिखलाचा पाय पाटीवर दाबला आणि सुटला.

पुढचं त्याच्या प्रांताहून आलेल्या कारकुनाने सांगितलं. इसोहाचि पानगळीत गावी पोचला. लग्न उन्हाळ्यातच झालं होतं. परमुलूख पाहून आलेल्याला पुन्हा समुद्रावर जाता येत नाही, म्हणून तो घरामागच्या कोठारात राहतो आणि भावाची जाळी विणून देतो.