कापुराविना खंडेनवमी

विष्णुतात्यांची पहिली भेट त्यांच्या सांगलीच्या गॅरेजात झाली. मी मेढ्याकडचा नवखा ट्रकचालक. टर्बोची गाडी डिझेल फार खाते, अशी तक्रार घेऊन गेलो होतो. तात्या शेजारी बसून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "इंजिनाला काय झालं न्हाई गड्या. तुजा पाय लय जड हाय." पुढे मी त्यांच्याकडेच कामाला राहिलो.

त्याच काळात तात्या आणि त्यांचे धाकटे बंधू दिनकरराव यांनी हायड्रोजनचं यंत्र तयार करून गावोगावच्या गाड्यांवर बसवायला सुरुवात केली. गाडीच्या विजेवर पाण्यातून वायू काढायचा आणि टर्बोच्या हवेबरोबर इंजिनात सोडायचा, म्हणजे डिझेल कमी लागेल, अशी कल्पना. चालक फरक पडतो म्हणून सांगू लागले. तात्यांची शिस्त कडक. शेडमध्ये विडी काढली की गाडीमालकालाही ते बाहेर घालवत.

खंडेनवमीला अवजारांची पूजा मांडली. एका गाडीवर यंत्राची चाचणी चालू होती, ती बंद करायची राहिली. वायूची नळी गळत होती. दिनकररावांनी उघड्या बॉनेटसमोर आरतीचा कापूर पेटवला आणि भडका उडाला. विडीला आम्ही आग समजत होतो, आरतीला कधीच नाही. दिनकरराव मिरजेच्या दवाखान्यातून परत आले नाहीत.

तात्यांनी गावोगाव जाऊन सगळी यंत्रं स्वतःच्या हाताने उतरवली. एक तेवढं मी चालवायचो त्या गॅरेजच्या गाडीवर ठेवलं. तोच रस्ता, तेवढंच ओझं. यंत्र कधी चालू, कधी बंद, हे मला कळू न देता त्यांनी मला गाडी चालवायला लावली. फरक आला नाही. यंत्र बसवलं की चालक जपून चालवत, एवढंच त्यातलं खरं होतं.

वर्षश्राद्धाच्या पंगतीत दिनकररावांच्या पत्नी सुमनवहिनींनी तात्यांना विचारलं, "भावजी, निदान डिझेल तरी वाचत व्हतं न्हवं?"

"व्हय वैनी, लय वाचायचं," एक चालक घाईने म्हणाला.

तात्या गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"न्हाई," ते म्हणाले. "कायबी वाचत नव्हतं."

वहिनी आत गेल्या. त्यानंतर त्या तात्यांशी बोललेल्या नाहीत. दर सुगीला तात्यांच्या शेतातलं शाळू ज्वारीचं पोतं मात्र वहिनींच्या घरी जातं. पोहोचवायला मी असतो.

गॅरेजातली पूजा आता हळदकुंकवावर होते. देवापुढे दिवा नाही, हे मला सुरुवातीला जड गेलं. आता नुसते हात जोडतो. तेवढं पोहोचत असावं.

तात्यांच्या पंचाहत्तरीला औक्षण करायचं ठरलं, तेव्हा ते म्हणाले, "फुलं टाका आन् मोकळं व्हा." यंदा शाळू घेऊन गेलो, तेव्हा वहिनींनी विचारलं, "त्यास्नी कोन ओवाळनार हाय?"

"कुणीच न्हाई. दिवा नको म्हणत्यात."

मी पोतं उतरवेपर्यंत त्यांनी ते ठेवायला जागा केली. मग म्हणाल्या, "मी येती म्हनावं. निरांजन घिऊन. बसाय सांग त्यास्नी."

निरोप ऐकून तात्या ग्रीसचे हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. त्या पाटावर बसण्याचं बळ परमेश्वराने त्यांना द्यावं, आणि तिथून उठल्यावरही पुष्कळ वर्षं त्यांना आमच्यात निरोगी ठेवावं.