बसचं छप्पर

आमचा पहिला संसार एका बसमध्ये झाला, हे माझ्या मुलीला अजून खरं वाटत नाही. कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामांमागे एक मोटार गॅरेज होतं. माझे यजमान तिथे मेकॅनिक होते. आवाराच्या कोपऱ्यात लाकडी सांगाड्याची एक जुनी बस पडून होती, ती मालकाने आम्हाला राहायला दिली. यांनी बाकं उपटली, ड्रायव्हरच्या जागी स्टोव्ह मांडला, मागे पलंग. माझं माहेर परळच्या चाळीतलं, घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. हे मालवणाकडच्या, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातले. आम्हाला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. सासरे लग्नालाही आले नव्हते.

पहिल्या पावसाळ्यात बसने आमचा जीव काढला. छपराच्या फळ्यांतून पाणी झिरपायचं, गादीला बुरशी धरायची. दोन महिन्यांच्या मुलीला खोकला लागला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. "उन्हाळ्यात छप्पर नीट करू," हे म्हणाले. उन्हाळा आला आणि हे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले गेले.

मी सासऱ्यांना एक कार्ड टाकलं. मदत मागितली नव्हती. मुलगा तुरुंगात आहे, सुखरूप आहे, गळक्या छपराने मुलीला खोकला धरला होता, ते काम तेवढं राहिलं, इतकंच लिहिलं.

आठ दिवसांनी एक उंच, वाळका म्हातारा बसच्या पायरीशी उभा, तोंडवळा थेट यांचाच. मी पदर सावरून वाकले. त्यांनी आधी बसभोवती एक फेरी मारली, फळ्यांवर बोटांनी टकटक केलं, मग आत येऊन नातीकडे पाहिलं.

"खोकता काय गो अजून?"

"आता नाही. पावसात पुन्हा सुरू होईल."

चहाचा कप घेताना त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. बशीत सांडलेला चहा त्यांनी पिऊन टाकला आणि म्हणाले, "होडीच्या फटी भरण्यात माझा जन्म गेलो. पण आता हात हलतत. वर चढाक जमूचा नाय. तू चढ. मी सांगतंय."

मी शिडीवर कधी पाय ठेवला नव्हता. तरी नऊवारीचा काष्टा घट्ट मारला आणि चढले.

"भीती वाटता?"

"हो."

"मग बरा. भियाणारो माणूस पाय बघून ठेवता."

आधी छपराच्या फळ्यांवर ताणलेलं जुनं, कुजकं कापड खरवडून काढलं. फळ्या तीन दिवस कडक उन्हात सुकू दिल्या. ओल्या लाकडात काही भरलं की आतून कुजतं, म्हणाले. गोदामांसमोर गाठींतून गळलेला कापूस आम्ही वेचून आणला. त्यांनी मांडीवर वळून त्याच्या लांब वाती केल्या. वात तेलात बुडवायची, फटीत घालायची आणि बोथट पटाशी व लाकडी हातोड्याने ठासायची. गॅरेजमधले पुरुष हसायचे. मी वर बघायचे नाही, खालीही बघायचे नाही.

सासरे आत, नातीला मांडीवर घेऊन, मी वर ठोकत असलेल्या फळीच्या बरोबर खाली बसायचे. हातोडा पडला की त्यांना आवाजावरून कळायचं.

"फुटको आवाज येता. अजून ठास."

मी ठासायचे. "आता?"

"अजून."

कधीतरी एकदाचं, "भरली," असं ऐकू यायचं आणि मी पुढे सरकायचे. चार दिवसांनी मला स्वतःलाच ते कळायला लागलं. एकदा ते सांगायच्या आधीच मी वरून ओरडले, "भरली!" मग ते नातीला म्हणाले, "आयकलंस? तुझी आवस शिकली."

मग राळ आणि तेल एकत्र उकळून फटींवर फिरवलं, वर नवं कॅनव्हास ताणून बसवलं, त्याला रंग दिला. शेवटी हसणाऱ्या त्याच माणसांनी नळावरून बादल्या आणून छपरावर ओतल्या. सासरे आत वर बघत बसलेले. खिडकीपाशी एका जागी थेंब धरला. दुसऱ्या दिवशी ती फट मी उकलून पुन्हा भरली.

पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असायच्या; सासऱ्यांना त्याआधीची शेवटची बोट गाठायची होती. धक्क्यावर मी भाकरीचं गाठोडं हातात दिलं. लग्नाबद्दल ते बोलतील असं मला वाटलं होतं. त्याऐवजी माझी मूठ उघडून त्यांनी तळव्यावरचे फोड पाहिले आणि म्हणाले, "खोबरेल लाव हां, चेडवा."

मालवणाकडे चेडू म्हणजे मुलगी, असं हे मला पूर्वी कधीतरी सांगून गेले होते. घरी येईपर्यंत मी रडत होते.

हे सुटून आले तेव्हा धो धो पाऊस होता. ओल्या कपड्यांनीच यांनी बसच्या भिंतींवरून, छपराच्या फळ्यांवरून हात फिरवला. कोरड्या होत्या.

"कोणी केलं?"

"मी. मामंजींनी शिकवलं."

हे पलंगाच्या काठावर बसले. मुलीचे पाय हातात घेतले. बोटी सुरू झाल्यावर आम्ही तिघं गावाला गेलो. सासरे धक्क्यावर घ्यायला आले होते.