सुऱ्याच्या बदली चप्पल

पाली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीची सामाईक भांडी यमुनाबाईंच्या ताब्यात असतात. टोप, पराती, डाव, झारे, सगळं देवळाशेजारच्या खोलीत. लग्न असो, बारसं असो, भांडी नेणाऱ्याने डाव्या पायातली चप्पल तिथे ठेवायची आणि भांडी परत आणली की ती न्यायची, हा त्यांचा कायदा. सरपंचसुद्धा पराती डोक्यावर घेऊन अनवाणी गेलेत. "तोंड बघून माणूस काय कळतंय? चप्पल ठेव," एवढंच त्या म्हणतात.

मुलगा दीपेश मुंबईहून आला तेव्हा "सुट्टीवर आलोय" म्हणाला. यमुनाबाईंनी त्याच्या बॅगेत त्याची उशी पाहिली आणि नोकरी सुटल्याचं ओळखलं.

त्याच उन्हाळ्यात आमच्या बंद चिरेखाणीत मुंबईची माणसं मालिका करायला आली. तांबडी खाण म्हणजे म्हणे परका ग्रह, आणि वाडीतली पोरं तिथले चारशे वर्षांनंतरचे सैनिक. दीपेशही त्यांत होता. प्रत्येक सैनिकाला हातभर लांब, बाकदार सुरा मिळायचा. पहिल्याच संध्याकाळी दोन सुरे पोरांच्या घरी सापडले, तेव्हा कोणीतरी सुचवलं, यमुनाबाईंना बोलवा.

सामान सांभाळणाऱ्या रुचिराला त्यांनी आधी विचारलं, "चारशे वर्षांनी बंदुका संपल्या काय गो?"

"नाही आजी. यानात गोळी सुटली तर भिंतीला भोक पडेल, हवा निघून जाईल. म्हणून सुरा."

"मग धार कशी नाय त्याला?"

"खोटा आहे ना!"

"खोट्यालापण खरे चोर भेटतात," यमुनाबाई म्हणाल्या आणि खाणीच्या तोंडाशी पाट मांडून बसल्या.

सैनिक चंदेरी बूट घालायचे, त्यामुळे चपला मोकळ्याच असत. डावी चप्पल ठेवायची, सुरा घ्यायचा. संध्याकाळी सुरा द्यायचा, चप्पल घ्यायची. मालिकेचं सामान वाहायला खेडहून टेम्पो घेऊन आलेला बाळा रोज चिडवायचा, "आजी, माझा टेम्पो कोणी मागितला तर काय ठेवून घेऊ? पाय?" यमुनाबाईंना तो पहिल्यापासून पसंत नव्हता. फार हसणारा माणूस, नजर ठेवायला हवी.

शेवटच्या दिवशी सकाळी दीपेश विटलेली, अंगठा तुटायला आलेली चप्पल घालून आला.

"नवी कुठाय?"

"चावते गं पायाला."

यमुनाबाईंनी त्या चपलेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घरचाच पोर म्हणून सुरा दिला.

संध्याकाळी सगळ्यांनी सुरे देऊन आपापल्या चपला घेतल्या आणि पाटाशेजारी ती एकच उरली. यमुनाबाईंनी ती पदराखाली ओढून घेतली.

तिकडे पेटीत एक सुरा कमी भरला. रुचिराचं तोंड उतरलं. सुरे भाड्याचे होते, आणि याआधीच एकदा तिला तंबी मिळालेली. "आता मला काढतातच," ती म्हणाली. पोरं बाळाकडे बघायला लागली. वाडीचा नाही, मुंबईचाही नाही, असा तोच एक. कोणीतरी त्याची पिशवी खडीवर उलटी केली. डबा, टॉवेल, मुलीसाठी घेतलेल्या काचेच्या बांगड्या. त्यातल्या दोन फुटल्या.

बाळा या वेळी हसला नाही. त्याने बांगड्या गोळा केल्या आणि सरळ यमुनाबाईंसमोर उभा राहिला.

"आजी, तुम्ही सांगा. चप्पल कोणाची राहिली?"

यमुनाबाईंचा हात पदराखाली घट्ट झाला. इतकी वर्षं वाडी त्यांच्यापुढे अनवाणी झाली होती, ती या एका उत्तराच्या भरवशावर. त्यांनी चप्पल काढून पाटापुढे ठेवली.

"माझ्या दीपेशची," म्हणाल्या आणि ती उचलून घराकडे निघाल्या.

घरी दीपेश ओटीवर बसून आपल्या मुलीला, सानवीला, सुरा दाखवत होता. आईच्या हातातली चप्पल पाहून तो आधीच बोलू लागला.

"आई, त्या सैन्यात सुरा परत घेत नाहीत. एकदा दिला की सैनिकाचा. मेला तरी त्याच्याबरोबरच जातो. मालिकेच्या साहेबांनीच सांगितलंय."

"तू मेलायस?"

"अगं, पण... सानवीला मी सांगितलं होतं, मला मिळणार म्हणून."

"मला पण तू सांगितलं होतंस, सुट्टीवर आलोय म्हणून. उठ."

"सकाळी देतो. सगळे बघतील आता."

"बघू देत. मी पण आत्ताच सगळ्यांदेखत नाव घेऊन आलेय." त्यांनी चप्पल काखेत मारली. "ही तिथे मिळेल."

दीपेश तापलेल्या चिऱ्यांवरून अनवाणी खाणीपर्यंत गेला. मागून यमुनाबाई, त्यांच्यामागे सानवी. त्याने रुचिराच्या हातात सुरा दिला. बाळाकडे न बघता तो बाजूला झाला. यमुनाबाईंनी हातातली एक काचेची बांगडी उतरवून बाळापुढे धरली.

"मोठी होईल तुझ्या पोरीला."

"होऊ दे," बाळा म्हणाला. "काय ठेवून घेताय बदली?"

"काय नाय."

वैशाखात चुलत्याच्या घरी लग्न निघालं. भांडी न्यायला दीपेश आला. त्याने डाव्या पायातली नवी चप्पल काढून पुढे ठेवली. यमुनाबाईंनी ती उचलली, उलटी करून तळ पाहिला. मग त्याच्या दुसऱ्या पायाकडे बोट केलं.

"ती पण दाखव. जोडी जुळतेय का बघू दे."