नोमीच्या दारातला कोरा कागद

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अलिबागला आईला नाही. दारफाळणीच्या सणाला आम्ही दिवसभर उपास धरतो, वर्षाचं सगळं देवापुढं ओकून टाकायचं असतं — तेव्हापण मी हे गिळून बसले. दोन वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल. जमेल ना?

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. गावाकडं आम्हाला शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून. लग्न झालं नि मी इथं मद्रासला आले. रुबेन अंबत्तूरला एका छोट्या कारखान्यात लेथवर आहे. माझी शाळा आठवीपर्यंत. तमिळ येईना, इंग्रजी येईना, पुढं कडेवर लेक, मिरी. लेया मावशी भेटल्या नसत्या तर त्या दोन खोल्यांत माझं काय झालं असतं, मला माहीत नाही.

मावशी आमच्यातल्याच, सत्तरीच्या, पण चाळीस वर्षं इथं काढलेली. शाळेत शिकवायच्या. रिटायर झाल्यावर घरातल्या हॉलमध्ये वर्ग सुरू केले. कसले — तर आमच्या धर्मातलं काय काय ते हातानं करून शिकायचं. शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, पाव मळायचा, पण मळताना तोंडातनं शब्द काढायचा नाही. डोळे मिटून बसायचं नि शेमा म्हणायचा, म्हणजे आमची मोठी प्रार्थना, देव एकच आहे एवढंच सांगणारी. चित्रं काढायची, मातीचं काही करायचं. येणारे बहुतेक इथले हिंदूच, गिंडीच्या ऑफिसांतली पोरं, दोन-तीन कॉलेजच्या बायका. शनिवारी फोन नाही, काम नाही, हे ऐकून एक जण म्हणाला होता, अक्का, आधी आमच्या मॅनेजरला यहुदी करा. मावशी म्हणाल्या, आधी तू पाच मिनिटं गप्प बसून दाखव, मग त्याचं बघू.

माझं काम माती मळायचं, सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा करायचे, चहा करायचा. आणि गाणी म्हणायची, आईकडनं आलेली. मावशी सगळ्यांपुढं सांगायच्या, हिला शाळा नाही पण आपलं सगळं हिच्या गळ्यात आहे. असं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं हो.

मी टाळतेय. कळतंय मला.

आमच्या दाराच्या चौकटीला एक लहान डबी असते, मेझुझा म्हणतात. आत कातड्यावर हातानं लिहिलेल्या शेमाच्या ओळी असतात, देवाच्या नावासकट. त्याची सुरळी करून घालतात. येताजाता बोटं लावायची नि बोटांचा मुका घ्यायचा. त्या दिवशी वर्गात सगळ्यांनी मातीच्या डब्या करायच्या होत्या. बाकीचे आपापल्या हातानं लिहिलेली प्रार्थना आत घालणार होते. पण तिघं आमच्यातले होते, त्यांच्यासाठी खऱ्या तीन सुरळ्या मावशींनी मागवल्या होत्या. आदल्या दिवशी एकेक उघडून, भिंग लावून अक्षरं बघितली, पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आतल्या खोलीत टेबलावर ठेवली. मला एकच सांगितलं होतं — त्या खोलीत मिरीला नेऊ नकोस.

मी नेली. कारण काय सांगू? दीड वर्षाची होती, दात येत होते, हॉलमध्ये किरकिर करत होती आणि तिकडं सगळे डोळे मिटून बसलेले. मला लाज वाटली. आत जाऊन तिला खाली सोडलं, पाठ फिरवून तिच्या पिशवीत चमचा शोधला. वळले तर एक सुरळी तिच्या तोंडात. प्लास्टिक जमिनीवर. तिच्या हनुवटीवर काळी लाळ.

काळी. शाई ती. एक अक्षर बिघडलं तरी सुरळी चालत नाही, आणि इथं अर्धी ओळ माझ्या पोरीच्या पोटात गेली होती.

मी काय केलं ते सांगते. चित्रांच्या वहीतला जाड पांढरा कागद कात्रीनं कापला. सुरळी केली. त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळली, उरलेल्या दोन्हींच्या शेजारी ठेवली. ओली सुरळी पिशवीत मिरीच्या लंगोटांखाली दडवली. मिरीचं तोंड पदरानं पुसलं. हात थरथरत नव्हते माझे — तेच मला अजून भिववतं. मावशी आत आल्या तेव्हा मी तिला चमचा वाजवून दाखवत होते.

मावशींनी तिन्ही सुरळ्या तिन्ही डब्यांत घातल्या. उघडल्या नाहीत. कशाला उघडतील? कालच तर बघितल्या होत्या.

कोरा कागद नोमीच्या डबीत गेला, त्या आमच्यातल्या तिघांपैकी ती एक. नोमीचा नवरा ओरगडमला गाड्यांच्या कंपनीत, नवीन फ्लॅट, ती चार महिन्यांची पोटुशी. मेझुझा लावायला आम्हाला सगळ्यांना बोलावलं. मावशींनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी बोटं लावली. माझी पाळी आली. मीपण लावली. बोटांचा मुका घेतला. आत काय आहे ते मला एकटीला माहीत होतं. नोमी माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, आता या घराची काळजी नाही.

सांगायला तेव्हाही वेळ होता ना? दारातच उभी होते मी.

पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं.

डॉक्टरीण म्हणाली होती, असं होतं कधीकधी, कुणाची चूक नसते. मावशीपण नेहमी सांगायच्या, मेझुझा म्हणजे ताईत नव्हे, आठवण आहे. मी हे सगळं रोज स्वतःला सांगते. त्यानं काही होत नाही.

दीड महिन्यानं नोमी तो मेझुझा काढून मावशींकडं घेऊन आली. घरात वाईट काही झालं की आमच्यात तो उघडून बघतात. मावशींनी समजावलं, पण ती ऐकेना. मग मावशी म्हणाल्या, बघू, तुझ्या मनाला बरं वाटेल. लहान सुरीनं त्यांनी डबीचं बूड फोडलं. मी समोर होते, मिरी मांडीवर.

मावशींनी कागद उलगडला. उलटा करून बघितला. पुन्हा सुलटा केला. भिंग घेतलं — कोऱ्या कागदावर भिंग.

नोमी अगदी हळू म्हणाली, "म्हणजे माझ्या दारावर काहीच नव्हतं?"

मावशींनी आपल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मीच भरलं होतं. बाकीच्यांसाठीचा कोरा कागद माझ्याच हातनं गेला असणार." आणि माझ्याकडं वळल्या. "एस्तेर, तू होतीस ना गं त्या खोलीत? मी बघून ठेवल्या होत्या ना तिन्ही?"

आणि मी म्हटलं, "मी चहा करत होते, मावशी. मला नाही माहीत."

हे ते. हेच सांगायचं होतं. कागदाचं नाही — कागद भीतीनं घातला. हे वाक्य मी शांतपणे बोलले, त्यांच्या डोळ्यांत बघून.

मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, वय झालं. नोमी निघून गेली. मावशींनी वर्ग बंद केले. पुढं कितीतरी महिने त्या कुलूप लावून दोनदा, तीनदा ओढून बघायच्या, गॅस बंद केला का म्हणून मला फोन करायच्या. चांगली डोकं शाबूत असलेली बाई. मीच तिला तिच्या डोक्यावर संशय घ्यायला लावला. ती चघळलेली सुरळी अजून माझ्या घरात आहे, मिरीच्या जुन्या कपड्यांत. टाकता येत नाही, देवाचं नाव आहे. ती आमच्या कबरस्तानात पुरायची असते, आणि पुरायला द्यायची तर कुणाची म्हणून सांगू?

या वर्षी वर्ग पुन्हा चालू झाले. लोकांनीच गळ घातली. मावशी शिकवतात, पण सुरळ्यांना हात लावत नाहीत.

गेल्या आठवड्यात नोमी आली. पुन्हा दिवस गेलेत, सातवा चाललाय. नवा मेझुझा हवा होता. मावशींपुढंच म्हणाली, "राग धरू नका मावशी, पण या वेळी एस्तेरनंच भरावं. माझा तिच्यावर भरवसा आहे."

मावशींनी सुरळी माझ्यापुढं सरकवली. भिंग दिलं. म्हणाल्या, तू बघ गं, तुझे डोळे चांगले आहेत. आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या, चुकून लागायला नकोत म्हणून.

मी बघितली. अक्षरं होती, सगळी. डबीत घातली, बूड बंद केलं. नोमीनं माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ हललं. मी हात काढून घेतला नाही.