अक्षर वळणावर आणा

"पेन्सिल नको," जुई म्हणाली आणि दोन्ही हात फ्रॉकखाली लपवून बसली.

शेजारी तिची आई सुवर्णा डोळ्यांनीच तिला दटावत होती. नवरा मच्छीमार बोटीवर, ही मासळी बाजारात बसते. तिथला धंदा अर्धा टाकून ती पोरीला घेऊन माझ्याकडे आली होती.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. रत्नागिरीत हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे नक्की काय? बटण लावणं, चमचा धरणं, पेन्सिल धरणं, अशी रोजची कामं ज्यांना जमत नाहीत त्यांना ती जमवून द्यायची, एवढंच. अलीकडे मात्र माझ्याकडे येणारी तक्रार एकच. मूल लिहीत नाही. वय विचारावं तर साडेतीन. साडेतीन वर्षांच्या बोटांची हाडंसुद्धा अजून पुरती भरलेली नसतात, त्याने का म्हणून लिहायचं, असं मी म्हणते. मग पालक भिंतीवरच्या माझ्या डिग्रीकडे संशयाने बघतात.

जुई निदान सहा वर्षांची होती. सिनिअर केजी संपत आलं होतं आणि शाळेने सांगितलं होतं की हिला पहिलीत घेणार नाही, पुन्हा सिनिअर केजी करावं लागेल.

"वर्ष गेलं तर गेलं ओ मॅडम," सुवर्णा म्हणाली. "पण आत्ताच शाळेचं नाव काढलं की उलटी करते ही. मैत्रिणी वर गेल्या नि ही तिथंच रायली, तर शाळेत पाय नाय ठेवायची परत. मी ओळखते ना तिला."

तक्रारी दोन होत्या. इंग्रजीच्या चार रेघी वहीत अक्षरं मधल्या दोनपैकी खालच्या रेघेवर टेकवायची असतात, जुईची सगळी वरच्या रेघेला चिकटलेली. शिवाय प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ती बारीक टिंबं देत होती. वर्गाच्या टीचरनी दारातच निदान करून टाकलं होतं, डिस्लेक्सिया. म्हणजे वाचता-लिहिताना अक्षर आणि आवाज यांची सांगड न बसणं. ते ठरवायला नीट तपासणी लागते. पण हल्ली मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला की तेवढ्यावर भागतं.

मी टीचरना फोन केला.

"मॅडम, किती वेळा सांगितलं तिच्या आईला," त्या म्हणाल्या. "रोज गेटवर सांगते, हिचं अक्षर वळणावर आणा. घरी प्रॅक्टिसच घेत नाहीत. आधी फक्त वर लिहायची, आता टिंबं पण सुरू केलीत. सांगावं तितकं बिघडतंय."

"तुम्ही सांगता काय तिला?"

"तेच, अक्षर नीट काढ. अजून काय सांगणार?"

मी तोंडाशी आलेलं गिळलं आणि फोन ठेवला.

पेन्सिल बाजूला ठेवून मी जुईला जाड खडू आणि कोरा कागद दिला. एकही रेघ नसलेला. म्हटलं, तुझं नाव काढ. खडू तिने मुठीत धरला. बोटांत जोर कमी होता, मनगट कागदावर टेकत नव्हतं. हे माझ्या कामाचं होतं, ते मी मनात टिपलं. पण नाव लिहायच्या आधी तिने कागदाच्या वरच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली. मधे किंचित झोळ असलेली. मग त्या रेघेखाली जे, यू, आय अशी तीन अक्षरं चिकटवली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोन दोन टिंबं दिली.

"ही रेघ कसली गं?"

"वळण."

"कसलं वळण?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "कपडे टाकतात ना सुकवायला. तसलं."

आमच्याकडे कपडे वाळत घालायच्या दोरीला वलण म्हणतात. बोलताना त्याचं वळणही होतं. मी खुर्चीत मागे टेकले.

"आणि ही टिंबं?"

"चिमटे."

"ते कशाला?"

"अक्षरं पडतात म्हणून टीचर वरडतात. आई पण वरडते. चिमटे लावले की नाय पडत."

रोज गेटवर टीचर आईला सांगत होत्या, हिचं अक्षर वळणावर आणा. आई रोज घरी लेकीला सांगत होती, बाई बोलल्या, अक्षर वळणावर आण. आणि लेक बिचारी आणत होती. जितकी ओरड वाढली तितकं तिने ते घट्ट टांगलं. वर्गातली सगळ्यात आज्ञाधारक मुलगी हीच असावी, आणि तिलाच मागे ठेवायचं चाललं होतं.

सुवर्णा आधी हसली. मग ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. "मीच तिच्या मागं लागायची. वळणावर घे, वळणावर घे. दोन फटके पण दिले ओ."

उपाय सोपा होता. मी जुईला सांगितलं, इंग्रजीत वळण नसतं. तिथली अक्षरं जमिनीवर उभी राहतात, ही खालची रेघ म्हणजे जमीन. "मग चिमटे नको?" तिने विचारलं. नको म्हटल्यावर ती केवढी सुटल्यासारखी झाली. बोटांतल्या जोरासाठी मात्र मी खरे चिमटे लावून दिले. घरातले सगळे कपडे दोरीवर जुईनेच टांगायचे आणि चिमटे तिनेच दाबायचे. बोटांना यापेक्षा स्वस्त व्यायाम नाही.

थोड्या दिवसांनी आम्ही तिघी मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये गेलो. टीचरही होत्या. जुईने चार रेघी वहीत नाव लिहिलं. हळू, वाकडं, पण जमिनीवर उभं.

टीचरना मनापासून आनंद झाला. "अगं बाई! आलं की नाही शेवटी वळणावर!"

जुईचा चेहरा उतरला. तिने खोडरबर घेतला, तिन्ही अक्षरं पुसली आणि वरच्या रेघेला पुन्हा टांगली. चिमट्यांसकट. आयला टिंब मुळातच असतं, तरी तिने दोन जास्तीची दिली.

मला तेव्हा हसावं की टेबलावर डोकं आपटावं, कळेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे बघा, हेच म्हणत होतो आम्ही."

"मॅडम, तिलाच विचारा," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

त्यांनी विचारलं. जुईने वळण सांगितलं, चिमटे सांगितले. मग मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "बरं बाळा, मग मी काय म्हणू तुला?"

"खाली उभी कर, बोला."

"खाली उभी कर."

जुईने केली. टीचर पुटपुटल्या, "पण वळण हा किती साधा शब्द आहे." मी म्हटलं, हो ना, म्हणून तर कुणी समजावून सांगितला नाही.

जुई आता पहिलीत आहे. हात अजून लवकर दमतो, अक्षर वेडंवाकडंच आहे, उलट्या मात्र थांबल्या. मराठीचा तास तिला फार आवडतो. तिथे वर रेघ असते आणि अक्षरं टांगली तर कुणी ओरडत नाही.

तेव्हापासून कुणी येऊन म्हणालं की आमच्या मुलाच्या अक्षराला वळण लावा, तर मी आधी मुलाला विचारते, वळण म्हणजे काय रे? त्याला सांगता येत नाही. मग आईबाबांना विचारते. ते म्हणतात, म्हणजे आपलं... नीट. नीट म्हणजे काय, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.